ओठाचा कोपरा

३ नोव्हेंबर, रियाध

ठसा सुकला आणि इमादसाहेबांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली उतरलेला दिसला. दरबारातून निवृत्त होणाऱ्या मानकऱ्याला त्याच्याच चेहऱ्याचं पदक मिळतं. मी चेहरा मेणात घडवतो, दापोलीचे जलालभाई त्याचा प्लास्टरचा ठसा काढतात. भिंगातून मेण तर अगदी बरोबर होतं!

"काय ओ पंडित, हात बिघडला?" जलालभाईंनी विचारलं.

बत्तीस वर्षांत बिघडला नाही. दापोलीकरांना मासळीतलं कळतं, मेणातलं नाही, असं सुनावलं. त्यांच्या हातचा दुपारचा चहा मिळाला नाही.

५ नोव्हेंबर

इमादसाहेब पुन्हा बसायला आले. चेहरा सरळच वाटला. भिंग लावून मेणातला कोपरा केसभर हलवला.

६ नोव्हेंबर

नवा ठसा. कोपरा आणखी खाली!

मग हे त्यांच्या चेहऱ्यातलंच. नजरेला दिसत नाही ते माझ्या हाताला कळलंय. जेद्द्याला भाचीला फोन केला. कीर्ती तिथे डॉक्टर आहे. "मामा, तोंड एका बाजूला उतरणं म्हणजे पॅरालिसिसची सुरुवात असू शकते. सांग त्यांना. आजच!"

आज सांग म्हणे. एवढ्या बड्या माणसाला 'तुम्ही आजारी आहात' म्हणायचं, आणि उद्या परतीच्या विमानात बसायचं. मौनं सर्वार्थसाधनम्. पाठशाळेत याचा अर्थ विचारला म्हणून छडी खाल्ली होती.

९ नोव्हेंबर

सांगितलं.

ते हसले नाहीत. कॉफीचा पेला खाली ठेवला, ड्रायव्हरला "यल्ला" म्हणाले आणि निघून गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

११ नोव्हेंबर

कफीलने, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी इथे आहे त्या मालकाने, माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, मागवून घेतला. कारण सांगितलं नाही. जलालभाई आज एकदाही पंडित म्हणाले नाहीत — हे जास्त वाईट.

१३ नोव्हेंबर

इकामा परत! सोबत खजुरांचा डबा आणि इमादसाहेबांचा निरोप — सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. "आईनंतर माझ्या तोंडाकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं."

मी हसलो. जलालभाई हसले नाहीत. कपाटातून रमजाननंतरचे तीन ठसे काढून त्यांनी टेबलावर ओळीने मांडले. तीन वेगळी माणसं.

तिघांच्याही ओठाचा तोच कोपरा खाली.

१४ नोव्हेंबर

भिंग मी नेहमी उजव्या डोळ्याला लावतो.

आज डावा झाकून नुसत्या उजव्याने पाहिलं. खिडकीचे सरळ गज वाकले.