आत्याबाईंनी दही सोडलं त्या वर्षी

१४ सप्टेंबर, रविवार
आत्याबाईंचं पोट पुन्हा बिघडलं. सकाळी चूर्ण घेतलं, काही झालं नाही म्हणून परत घेतलं, मग दुपारी इतकं चाललं की भिंतीला धरून माघारी आल्या. संध्याकाळी पुन्हा फुगलं. "पोटात कोणी हवा भरून राह्यलं वं वंदना." शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली.
माझे हे गेले, तेव्हापासून त्यांच्या आईचं, म्हणजे आत्याबाईंचं, असंच. अडून बसतं, मग चूर्ण, मग वाहतं, मग जेवणच बंद. त्यांचा ब्लाऊज आज पुन्हा आत घेतला. सेलू गावभरच्या बायकांचे ब्लाऊज मी सैल करून देते. घरातलाच तेवढा आवळत चालले आहे.
माझी छाती जळते ती वेगळीच. असो.

१७ सप्टें., बुध.
वर्ध्याला नेलं, एस.टी.ने. डॉ. चांगला माणूस, आ.बां.ना "आजी" म्हणून बोलला. सोनोग्राफी, रक्त, सगळं पाहून म्हणाला, भीतीचं काही नाही, आतडी सुस्तावली आहेत आणि रोजच्या चूर्णाने लाडावली आहेत. चूर्ण हळूहळू सोडायचं. उठल्यावर कोमट पाणी, ठरल्या वेळी जेवण, पालेभाजी, नीट चावणं, जेवल्यावर थोडं चालणं. "आणि दोन्ही वेळा वाटीभर घरचं दही नाहीतर ताक."
आ.बा. लगेच, "बाकी समदं करतो बापू. दही नाई."
डॉ.ला वाटलं आवडत नाही. मी म्हटलं, सोडलंय त्यांनी. तो लिहीत राहिला.
येताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून. मला राग आला होता, खोटं कशाला लिहू.

१८ सप्टें.
काल राग कुणाचा आला ते आज कळलं. त्या कावळ्याचा.
मागच्या डिसेंबरात दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसलेला, पण खाली येईना. आम्ही बायका मागे थांबलो होतो, आम्हाला पुढे बोलावलं. दिरांनी सांगून पाहिलं, तुझ्या पल्लवीचं लग्न आम्ही करू, शेताचं पाहू. काही नाही. मी हात जोडले, मनातच म्हटलं, तुमच्या आईला मी सांभाळीन, अंतर देणार नाही. डोळे उघडले तर कावळा तिथंच, चोच पुसत बसलेला.
मग आ.बा. पुढे झाल्या. "गजू, तुले दह्याबिगर घास उतरत नव्हता. म्या आजपासून दही सोडलं. माहं दही तुले. आता तरी जेव बापू." आणि तो उतरला. खाल्लं त्यानं.
सगळे रडले. मीही रडले. पण माझ्या रडण्यात हे होतं की माझ्या शब्दावर नाही आले. वीस वर्षांवर संसार केला, आणि विश्वास आईवर.
ते दुकानातच कोसळून गेले, त्या दिवशी डबा तसाच परत आला होता. पोळ्या, भाजी, आणि छोट्या डबीत दही. तेव्हापासून या घरात विरजण लागलेलं नाही.

२३ सप्टें.
पल्लवीचा नागपूरहून फोन. ती मोबाईलवर पोटाचे व्हिडिओ पाहते आणि मला शिकवते. "आजीला म्हण ना, औषध म्हणून खा."
म्हटलं त्यांना. "औषध म्हटलं का त्याचं दही राह्यत नाई का?" म्हणाल्या. आता पल्लवीला हे कसं सांगू.

२९ सप्टें.
चूर्ण एक दिवसाआड. कोमट पाणी सुरू. पाण्याचा तांब्या पाहिला की तोंड असं करतात की जणू मी एरंडेलच देते आहे. जेवल्यावर अंगणात फिरतात, तुळशीभोवती, पुटपुटत. "घाण्याच्या बैलासारखी फिरवून राह्यली मले." पण फिरतात.

५ ऑक्टो., रवि.
आज अचानक, "तू कवा जेवते वं?"
म्हटलं, जेवते की.
"कवा? म्या तर पाह्यलं नाई."
खरं आहे. मशीनवर बसल्या बसल्या, उभ्याने, त्यांचं आवरल्यावर. यांच्या जागी पाट रिकामा दिसतो म्हणून मी ताट मांडतच नाही. तेच बोलले. रात्री त्यांनी दोन ताटं मांडली, आणि यांच्या जागेवर स्वतः सरकून बसल्या. तिथे बसून म्हणाल्या, "चाव नीट. डॉक्टरनं सांगतलं."
अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर. छाती जळली नाही आज.

२२ ऑक्टो.
यंदा दिवाळी नाही आपल्याकडे. पण शेजारची शोभा डबा भरभरून फराळ देऊन गेली. आ.बां.नी दोन शंकरपाळे नि चकली खाल्ली. मुलाच्या आवडीची होती चकली, नाही म्हणवेना. आज सगळं बिघडलं. उलटी, ग्लानी. न्हाणीच्या दारात बसल्या बसल्या पडल्या. उचललं तर हातात काही वजनच नाही.
घाबरले मी. यांना उचलायलाही मी पोचले नव्हते.

२४ ऑक्टो.
पुन्हा डॉ. सलाईन. म्हणाला, जेवण टिकायला हवं अंगी, नाहीतर अवघड. दही-ताकाचं काय झालं?
मी रिपोर्ट पिशवीत भरले.

२७ ऑक्टो., सोम.
काल शोभाकडून वाटीत विरजण आणलं. दुधाला लावलं, अस्तराच्या कापडाच्या गाठोड्यामागे ठेवलं. आत्तापर्यंत त्या कोपऱ्यात मी फक्त लोकांचे उसवलेले कपडे ठेवत होते.
सकाळी लागलं होतं. दहा महिन्यांनी घरात तो वास. मी बोट घातलं आणि तिथंच खाली बसले.

२८ ऑक्टो.
दही घालून धिरडी केली. खाल्ली त्यांनी. "आज मऊ झाली."
संध्याकाळी पल्लवीला सांगितलं. ती हसली आधी. मग म्हणाली, आई, तव्यावर भाजलं की दह्यातलं कामाचं सगळं मरतं, कच्चंच द्यावं लागतं. म्हणजे पाप लागलं आणि गुणही नाही. माझं असंच असतं.

३० ऑक्टो.
मऊ भात, वरण, निवल्यावर दोन चमचे दही चांगलं घोटून. विचारलं तर लिंबू पिळलंय म्हणायचं.
"आंबट काऊन?"
"लिंबू आहे आत्याबाई."
खाल्लं. ताट पुसून. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

८ नोव्हें.
पोट लागलं मार्गी. चूर्ण बंद. सकाळी वेळेवर जातात आणि मला येऊन सांगतात, एखाद्या बातमीसारखं. हरभऱ्याची कोवळी भाजी आली आहे, ती हवी म्हणतात. गालावर थोडं मांस दिसतं.
शोभाला सांगतात, "पाणी पेतो, फिरतो, पालेभाजी खातो. बस. तू बी कर." अभिमान किती. मी आत मशीन चालवत राहते जोरात.

१६ नोव्हें., रवि.
मी हे का करते आहे? त्या जगाव्या म्हणून. बरोबर. पण आज भात घोटताना मनात आलं, तुमच्या कावळ्याला आता कळू दे, तुमच्या आईला सांभाळते कोण ते. असं आलं मनात. भांडं तसंच ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. मेलेल्या माणसाशी ईर्षा करते मी, आणि त्यांच्या आईशी. कुठं फेडू हे.
भात मात्र दिला.

२५ नोव्हें., मंगळ.
झालं.
शोभा ओसरीवर आली, आ.बा. तूर निवडत होत्या. शोभा मला आत ऐकू जाईल असं ओरडून विचारते, "वंदना, विरजण टिकून राह्यलं का वं? नाईतर अजून नेजो." तिच्या मनात काही नव्हतं. बिचारी.
आ.बां.नी सूप खाली ठेवलं. शोभा गेली. मग, "लिंबू होतं ना ते?"
मी म्हटलं, नाही.
"माहा पोरगा जेवला होता त्या शब्दावर. तू त्याच्या तोंडातला घास काढला वंदना."
एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ नोव्हें.
जेवल्या नाहीत. चहा, पाणी.

२८ नोव्हें.
भाकर पाण्यात कुस्करून घेतात, स्वतः करून. माझ्या हातचं नाही. ताट एकच मांडतात. मी पुन्हा मशीनवर.
कोपऱ्यातलं दही मी काल गाईला घातलं.

२ डिसें.
ज्वारीचं पीठ भिजवून आंबवलं, आंबील केली. ताकाचा थेंब नाही. डॉ.ला फोन करून विचारलं होतं, तो म्हणाला, चालेल, द्या. हे आधी सुचायला काय झालं होतं मला? दह्याचाच हट्ट धरून बसले.
ओसरीवर नेऊन ठेवली. शपथ घेऊन सांगितलं, दही नाही यात. त्यांनी वाटीकडे पाहिलं. "आता तुह्या शपथेचं म्या काय करू?"
वाटी साय धरेपर्यंत तिथंच होती.

६ डिसें., शनि.
पोट पुन्हा अडलं त्यांचं. चूर्णाची बाटली बाहेर आली. चालणं बंद. पल्लवी आली, आजीजवळ बसली, मला म्हणाली, तू चुकलीस पण चुकीचं केलं नाहीस. पोरीला बोलायला सोपं. माझं चुकलंच. आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही आहे.

१० डिसें.
उद्या वर्षश्राद्ध. वर्ष झालं.
दुपारी आ.बा. पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "शोभाकडून विरजण आण. त्याच्या पानावर दही पायजे का नाई?"
आणलं. दूध त्यांनीच कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिलं, विरजण लावलं, झाकलं. मी दारात उभी होते. "उभी काऊन हायस, कपडा दे वरून टाकाले." दिला. थंडी आहे ना, दही लागत नाही लवकर.

११ डिसें., गुरु.
दीर, जाऊ, पल्लवी, सगळे येऊन जेवून गेले. ब्राह्मण गेला. आता आम्ही दोघीच मागच्या अंगणात. यांचं पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आहे, भात, वडे, कढी, आणि दह्याचा गोळा. कावळा नाही. खार येऊन वडा कुरतडून गेली. पूर्वी इथे किती कावळे असायचे.
वाट पाहत बसलो. मग आ.बा. भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "तू त्या दिवशी नदीवर हात जोडले होते. काय म्हटलं होतं?"
वर्षभर कुणी विचारलं नव्हतं. सांगितलं. तुमच्या आईला सांभाळीन, असं. मनात म्हटलं होतं. कावळा नाही आला. मग तुम्ही बोललात आणि आला.
त्यांनी पदराने नाक पुसलं. मग म्हणाल्या, "कावळा का लगेच येते वं? बसते, इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते, मंग निंगते. तुह्यं ऐकून निंगाला असीन तो. पोचला तवा माह्यं बोलणं चालू होतं."
मला रडू आवरलं नाही. मोठ्याने रडले, वर्षात नव्हते रडले तशी. त्यांनी रडू दिलं. पाठीवर हात नाही ठेवला, फक्त सरकून जवळ बसल्या.
उरलेलं दही भांड्यात होतं. मी भात घेतला, कालवला, मीठ घातलं, वाटी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. ना लिंबू म्हटलं, ना औषध. आत येऊन वही घेऊन आले नि परत जागेवर बसले, हात कशात तरी असावेत म्हणून.
भिंतीवरचं पान तसंच आहे. आ.बां.नी वाटी मांडीवर घेतली आहे. बोटांनी भात गोळा करतात, सोडतात, परत गोळा करतात. मी लिहिते आहे, मान वर करत नाही.