चुलीत गेलेले नमुने

हातुनपाम्पा, मंगळवार

लाडक्या आईस, एदेल्मिराचा दंडवत.

मी मजेत आहे. थंडी फारशी नाही. सकाळी बादलीतला बर्फ फोडला की पाणी मिळतं. बाबांची कंबर कशी आहे?

इथल्या पाणथळ कुरणातली काळी, मुळांनी विणलेली माती जाळू नका, नाहीतर अल्पाकांना चारा उरणार नाही, असं मी रोज घरोघर सांगते. कुणी ऐकत नाही. तीन आठवडे गारठ्यात खणून तिचे नऊ नमुने काढले आणि माझ्या घरमालकीण सातुर्निना मावशीच्या चुलीशी वाळत ठेवले. शुक्रवारी ते प्रयोगशाळेत पोचले नाहीत, तर नोकरी गेली समज.

काल मावशीने त्यांवर सूप शिजवलं. मी भोकाड पसरलं.

"अगं, चुलीशी ठेवलंस म्हणजे जाळायलाच ना? शहरात काय करणार होते त्यांचं?"

"जाळून बघणार होते," मी हुंदके देत म्हटलं. "किती जळते, किती राख उरते."

मावशी हसता हसता खालीच बसली. "एवढी शिकलीस ती चिखल पेटवायला? मलाच विचार की! ओढ्याकाठचा नुसता धुमसला. तळ्याजवळचा बटाटे शिजेपर्यंत जळला."

मी सगळं वहीत उतरवलं. आज तिनेच फावडं घेतलं आणि दुपारपर्यंत नऊ नवे नमुने काढून दिले. तेव्हा काळजी नको.

संध्याकाळी बघते तर चुलीत शेणी. मी विचारलं, आज माती नाही का? मावशी म्हणाली, "नको बाई. ती पेटवली की तू रडतेस."

सगळ्यांना माया.

तुझी,
एदेल्मिरा