कडेचं भिंग

२ ऑक्टोबर, बुधवार

रोबो आज सोलर पॅनलची पूर्ण रांग पुसत गेला आणि कडेला थांबला! मी बाजूने चालत होतो, दोन्ही हात खाली धरून — पडला तर झेलायला. झेलला असता तर हात मोडले असते. तरी धरले होते.

कोणाला सांगावं? प्रितम सरांना फोन केला. म्हणाले, "व्हिडिओ टाक." टाकला. अंगठा आला.

पॅनल धुणाऱ्या बायका पलीकडच्या रांगेत पाइप धरून उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

रोबोच्या तोंडाशी खाली वाकलेली दोन भिंगं आहेत. त्यांतून उजेड खाली पडतो. काचेवरून परत आला, म्हणजे खाली पॅनल आहे, चला. परत आला नाही, म्हणजे कड आली, थांबा. आखलं सरांनी, बसवलं मी. सर पुण्यात, मी इथे परतूरच्या रानात, शेडमध्ये. मी बारावी नापास आहे हे सरांना माहीत आहे, म्हणून सगळं दोनदा सांगतात. मी तीनदा तपासतो. भिंगं रोज सकाळी मऊ फडक्याने पुसतो.

चौदा तारखेला चाचणी. प्लांटचे साहेब बघणार. पास झाली तर सगळ्या प्लांटला आमचेच रोबो, आणि मी पुण्याच्या कारखान्यात. तिथे पोरं एका खोलीत मिळून राहतात म्हणे. स्वयंपाकही मिळूनच.

आणि दिवाळीनंतर बायकांचं काम बंद. हे त्यांनाही माहीत आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

बाटली भरायला टाकीवर गेलो. बायका जेवत होत्या. बोलणं थांबलं. मग पुष्पाबाई — या टोळीच्या मुकादम त्याच — म्हणाल्या, "काय रे मशीनवाल्या, तुझ्या मशीनला डबा लागत न्हाई का?"

त्यांच्यातली दैवशाला म्हणाली, "डबा न्हाई, पगार न्हाई, सासू न्हाई. मजा हाये बाई तिची!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण उशिरा. तोवर त्या थांबल्या होत्या.

९ ऑक्टोबर, बुधवार

जुन्या जालन्याला दादाला फोन केला. दसऱ्याला येऊ का? "अरे, वहिनीकडचे आलेत. झोपशील कुठं? दिवाळीचं बघू." बरं म्हणालो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

बायकांनी दांड्या, ब्रश, पाइप धुऊन टाकीजवळ मांडले, पूजा केली. मी शेडच्या दारातून बघत होतो. तेवढ्यात पुष्पाबाई ताट घेऊन इकडेच आल्या! मागे सगळ्याजणी.

"तुझं पण हत्यारच हाये की. सर बाजूला."

रोबोला झेंडूचं फूल वाहिलं, ओवाळलं. दैवशालाने विचारलं, "डोळे हेच का हिचे?" आणि बोटाने दोन्ही भिंगांवर हळद-कुंकू लावलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. हात जोडले.

खोबरं दिलं. मग आणखी दिलं. "वाळलाय बघा किती," असं कोणीतरी म्हणालं. माझ्याबद्दल.

पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, असं सांगून गेल्या. नाही हलवणार.

१३ ऑक्टोबर, रविवार

फडकं घेऊन रोबोसमोर बसलो. कुंकू वाळलंय. पुसवेना. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणी आमच्या दारात आलं.

पॅनलचा तुकडा भिंगांखाली धरून पाहिला. हिरवा दिवा लागला. तीनदा धरला, तीनदा हिरवा. दिसतंय त्याला! मग राहू दे. उद्या चाचणी झाली की पुसेन.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पडला.

रांगेच्या टोकाला थांबलाच नाही. हात धरायला मी जवळ नव्हतो. साहेबांनी लांब उभं केलं होतं. ब्रश मोडला, सांगाडा वाकला.

कारण तिथेच कळलं. उजेड कुंकवावरूनच परत येत होता. खाली काही नसलं तरी रोबोला वाटत होतं — आहे, पॅनल आहे, चला. मी हिरवा दिवा तपासला. खाली मोकळं असताना तो लाल होतो का, ते तपासलं नाही. मी!

सगळे पोचायच्या आत शर्टाच्या टोकाने भिंगं पुसली. साहेब ओरडले, "बायकांनी हात लावला का मशीनला? नाव सांग. आत्ता गेटच्या बाहेर काढतो."

मी म्हणालो, "भिंगं पुसायची राहिली. माझी चूक."

चाचणीसाठी पुण्याहून आलेले प्रितम सर म्हणाले, "तू? तू तर कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघतोस."

रोबोचं काम रद्द. महिनाअखेर शेड रिकामी करायची. पुण्याचं मी विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सर फोन उचलत नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

रोबो खोलून ठेवतोय. चांगले स्क्रू एका डब्यात, वाकलेले दुसऱ्यात. टाकीवरून बायकांचं हसणं ऐकू येतं. पाणी आणायला त्या गेल्यावर जातो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पुष्पाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "सांगितल्याबिगर मला अन्न ग्वाड लागंना. त्या दिवशी तुझ्या मशीनला ओवाळलं ना, तवाच मनात राजूरच्या गणपतीला नवस बोलल्ते. म्हटलं, ही बंद पडू दे."

मी स्क्रू हातात धरून बसलो.

"पडली. आता परवा चतुर्थीये. नवस फेडायला सगळ्या जाऊन राह्यलो. जीपमधी एक जागा रिकामी हाये. येतू का?"

किती वाजता निघायचं, ते विचारलं.