पाहुणीचा ठिपका

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून वही. शिक्षण तिसरीपर्यंतच, पण अक्षर सुनेपेक्षा बरं. तिचं म्हणजे मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं.

वह्या दोन आहेत. निळी नातीची, ही माझी. निळीत फक्त कामाचं लिहायचं. नात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करते. भोवत्या नावाचे पक्षी थंडीला कंटाळून हजारो मैल उडून इकडच्या माळांवर येतात, ते हिवाळा नक्की कुठे काढतात हे तिला शोधायचंय. एका मादीच्या पाठीवर दप्तर बांधावं तसं छोटं यंत्र बांधलंय. ते खूण पाठवतं आणि टॅबलेटवरच्या नकाशात लाल ठिपका दिसतो. नात राहते माळावरच्या खोपटात. तिथे फोन लागतो, नकाशा उघडत नाही. म्हणून रोज नऊला ठिपका मी बघायचा. दोन दिवस एकाच जागी दिसला तर लगेच कळवायचं. म्हणजे बघायला गेलं तर सगळा अभ्यास माझ्यावरच आहे.

मादीचं नाव म्हणे एक आकडा. शोभतं का हे बाईमाणसाला? मी पाहुणी म्हणते.

नातीने कबूल केलंय, जिना उतरून दाखव, मग गाडीत घालून माळावर नेते. संध्याकाळी शंभर-शंभर पक्षी गवतात झोपायला उतरतात. मार्च लागला की परत जातात, तेवढं लक्षात ठेव म्हणाली. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, बावन्न पायऱ्या. पडले त्याला चौदा महिने झाले, तेव्हापासून खाली गेले नाही. गेले नाही म्हणजे, तसं काही काम पडलं नाही.

निश्चय: रोज दहा पायऱ्या.

४ फेब्रुवारी
ठिपका एका दिवसात चाळीस किलोमीटर! वा गं बाई.
पायऱ्या झाल्या नाहीत. सून ऑफिसला जाताना बाहेरून कडी घालते. मीच सांगितलंय तिला. म्हणजे आधी तिने घातली, मग मी सांगितलं की घालत जा.

६ फेब्रुवारी
आज सून घरी, दार उघडं. पण कुठलंही काम आधी नीट बघून घ्यावं. उंबऱ्यात उभी राहून जिना बघितला. आहे तसाच आहे. कठडा गार लागतो. परत आले.

पाहुणी शेतांवरून फिरतेय. दुपारभर विचार केला की तिचं माहेर कुठलं. अंडी घालते तिकडे, पण जिवाला आराम इकडे. नातीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, आजी, पक्ष्यांना माहेर नसतं. मी म्हटलं, मग एवढी मरमर करून येते कोणाकडे? म्हणाली, आजी, फोन ठेवते. पुस्तकात नसेल.

९ फेब्रुवारी
ठिपका एका ओढ्याकाठी. कालही तिथेच होता. दमली असेल.
व्यायामवाली आली होती. पाय उचला आजी, शाब्बास आजी, व्वा आजी. मी काय पाळण्यात आहे? जिन्याचं विचारलं तर म्हणाली, अजून घाई नको. तज्ज्ञ माणसाचं ऐकावं. दहा पायऱ्यांचा निश्चय पुढच्या सोमवारपर्यंत लांबवला.

१० फेब्रुवारी, सकाळी ९
ओढ्याकाठीच.
दोन दिवस झाले की कळवायचं होतं. पण मी म्हणते, बसली तर बसली! बसणं हा काय गुन्हा आहे? मी पडल्यानंतर चार दिवस पलंगावरून उठले नाही, तर सुनेने डॉक्टर आणला, मुलाने परदेशातून फोन केला, व्यायामवाली लावली, आणि मग ती कडी. मला नुसतं बसायचं होतं. एकीने दुसरीची चहाडी करू नये.
निळ्या वहीत लिहिलं: हालचाल चालू.
खोटं नाही. मोठं करून बघितलं तर ठिपका कालच्यापेक्षा सहा पावलं डावीकडे आहे. एवढी चूक यंत्राचीच असते असं नात म्हणाली होती खरी. यंत्राला काय कळतंय.

१३ फेब्रुवारी
नातीचा फोन. आजी, पाहुणी काय म्हणते? (आता तीही पाहुणीच म्हणते, बघा.) मी म्हटलं, मजेत आहे, हिंडते-फिरते, ओढ्याकाठी रमली. ती एकदम खूश. म्हणाली, इतके दिवस एकाच परिसरात? म्हणजे हिवाळ्याची खास जागाच सापडली, सरांना आजच कळवते. बघा, कोणी शोधली जागा?

मग विचारलं, तुझा जिना कुठवर? मी म्हटलं, वीस. तोंडातून निघून गेलं. वीस हा काही मोठा आकडा नाही.

१७ फेब्रुवारी
सोमवार येऊन गेला. गुडघ्यात सकाळपासून आभाळ भरून आलंय.
ठिपका: तीन पावलं उजवीकडे. आज तिला हुरूप दिसतो.
खिडकीतून समोरची खिडकी दिसते. तिथला म्हातारा माझ्याकडे बघतो. बिचारा, दिवसभर घरात. मला त्याची दया येते.

२० फेब्रुवारी
युक्ती सापडली! व्यायामवालीने लाकडी ठोकळा दिलाय, पायरीएवढा. आपण ठोकळ्यावर चढायचं आणि उतरायचं. पायरी ती पायरी. बावन्न वेळा केलं की जिना संपला. कोणी सांगितलंय की पायऱ्या वेगवेगळ्याच हव्यात?
अकरा वेळा झालं. उरलेल्या मनात मोजल्या, बसून.
नातीला सांगितलं, बावन्न. ती फोनवर ओरडलीच, आजी, तू ग्रेट आहेस! वर-खाली दोन्ही? मी म्हटलं, दोन्ही. म्हणाली, मग या आठवड्यात येतेच न्यायला. पक्षी निघायला लागलेत.
पातळ कुठलं नेसावं? माळावर काटे असणार. निळं.

२३ फेब्रुवारी
ठोकळा पलंगाखाली सरकलाय. वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय.
सुनेला म्हटलं, मी माळावर चालले आहे. ती म्हणाली, आई, तुम्ही आधी न्हाणीघरात जाताना हाक मारत जा. मत्सर, दुसरं काय.

२६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०
हलली!! पाहुणी हलली! ओढा सोडून चांगली तीन मैल! मला माहीतच होतं. बसून बसून ताकद साठवत होती.

१०:००
मोठ्या रस्त्यावर आली. रस्त्याच्या अगदी मधोमध चाललीय. हुशार पोरगी, रस्ता धरला की चुकायला होत नाही.

१०:३०
एका जागी थांबली. मोठं करून बघितलं, पेट्रोल पंप. पाणी प्यायला उतरली असेल.

११:१५
शहराकडे! उत्तरेला जायचं सोडून इकडे! आपल्या पुलावर आलीय. निघण्याआधी निरोप घ्यायला येतात का पक्षी? नातीला फोन लावला, उचलत नाही. एवढी मोठी घटना आणि ही गायब.

११:४०
आपल्या गल्लीत. केस विंचरले. खिडकी सताड उघडली. समोरच्या म्हाताऱ्याला हाताने खूण केली, वर बघा, वर. तो वर बघतोय.

११:५०
ठिपका बरोब्बर आपल्या बिल्डिंगवर. आभाळात काही नाही. कडी वाजली.

त्याच दिवशी, दुपारी ४
नात होती. पाहुणी तिच्या दप्तरात होती. म्हणजे पाहुणी नाही, यंत्र. काल ती गावात आली तेव्हा नकाशा उघडला, अठरा दिवस ठिपका जागेवर. आज उजाडताच धावत ओढ्याकाठी गेली. वाटलं, मेली. पक्षी नव्हता, पीस नव्हतं. पट्टा झिजून तुटलेला आणि यंत्र गवतात पडलेलं.
मी म्हटलं, मग पाहुणी कुठाय? म्हणाली, माहीत नाही आजी. आता कोणालाच कळणार नाही.
मी म्हटलं, म्हणजे सुटली! इतका आनंद झाला की टाळीच वाजवली. नात हसली नाही. निळी वही काढली आणि माझ्या ओळी एकेक करून खोडल्या. पट्टी धरून, सरळ. सरांना ती खास जागा म्हणून कळवली होती, आता माफीचं पत्र लिहायचंय. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मग वही मिटली आणि म्हणाली, जाऊ दे. चल, आवर, गाडी खाली उभी आहे. आज संध्याकाळचे पक्षी शेवटचे.
निळं पातळ नेसले.
पहिली पायरी चांगली झाली. दुसरी पण. तिसरीला नातीने हात धरला, मी म्हटलं सोड, मला सवय आहे. चौथीवर आले आणि पाय पुढे खाली जाईना, वरही येईना. तिथेच बसले. बसले म्हणजे, बसायला झालं. नात माझ्याकडे बघत राहिली, मग जिन्याकडे, मग परत माझ्याकडे. वॉचमनला बोलावून खुर्ची आणवली. दोघांनी उचलून घरात आणलं. वॉचमन म्हणाला, आजी, हलक्या आहात हो अगदी.
सुनेला फोन गेला. तिला यायला संध्याकाळ होणार. नात घड्याळ बघत बसली. माळ दोन तासांवर आहे.

२७ फेब्रुवारी, सकाळी ९
ठिपका आमच्या घरावर. यंत्र खिडकीत ठेवलंय, उन्हाला. नात म्हणाली, राहू दे तुझ्याकडे.
काल निघताना दारात थांबून तिने विचारलं, आजी, खरं सांग, महिनाभरात किती पायऱ्या झाल्या?
मी म्हटलं, चार. आजच्याच.
हा एकच आकडा मी तिला खरा दिला. निळी वही तिच्या हातातच होती. तिने लिहून घेतला नाही. बाहेरून कडी घातली आणि गेली.