मंजूला न्यायला

नेरुळ, ६ मे १९९५

ति. बाबासोदादा यांस,
प्रेमलाचा शि. सा. न. वि. वि.

आपली धाकटी मंजू इथे पोचली. तिला न्हाऊ घालताना पाठ पाहिली. धनाजीरावांनी पट्ट्याच्या बकलानं मारलंय, जागोजाग कातडी सोललीय. कारण काय, तर त्यांच्या गावातल्या लग्नात बायकांची पंगत आधी बसली आणि ही नवऱ्याच्या आधी जेवली! आता जीवच घेतील म्हणून ती अंगावरच्या कपड्यांनिशी पळून आली. परत जायचं नाही म्हणते.

काल मोरा बंदरातून लाँचमध्ये बसवून समुद्र दाखवला. खाऱ्या वाऱ्यानं पाठ झोंबत होती, तरी हसली. आमच्या यांनी बेलापूरच्या ऑफिसात रजा टाकलीय. चौदा तारखेला माथेरानला असू. तुम्हाला वहिनींनी सोडलं असतं तर तुम्हीही आला असता! एक मात्र पाळा. धनाजीरावांना आमचा ठावठिकाणा सांगू नका.

माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
प्रेमला


वाडी, ११ मे १९९५

चि. सौ. प्रेमला हीस,
अनेक आशीर्वाद.

तू लहानपणापासूनच राईचा पर्वत करतेस. धनाजीराव मंगळवारी आले, आईच्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. पोटभर जेवले. जावई आपणहून न्यायला निघाला तर माहेरानं लेक अडवायची नाही, ही आपली रीत. म्हणून मी पत्ता दिला, माथेरानचंही सांगितलं. मंजूसाठी एक साडी त्यांच्याजवळ दिलीय. तिची हसतमुखानं बोळवण कर. श्यामसुंदररावांना नमस्कार.

तुझा,
दादा


नेरुळ, १७ मे १९९५

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आम्ही माथेरानहून परतल्यावर मिळालं. तुमचे धनाजीराव त्याआधीच पोचले होते. इथल्या शेजाऱ्यांकडून लॉजचं नाव काढून वर आले. आम्ही पॉइंटावर कणसं खात होतो. त्यांनी आधी माझी ख्यालीखुशाली विचारली आणि मग मंजूची वेणी मनगटाला गुंडाळून तिला तांबड्या मातीतून कड्याकडे फरफटत नेलं. पोटात लाथा घातल्या. हे मध्ये पडले, तर यांचं तोंड कठड्यावर आपटलं. पुढचे दात गेले. मी किंचाळत होते. माणसं होती, घोडेवाले होते, कोणी हात लावला नाही.

शेवटी मंजूनंच दगड उचलला. त्यांचा हात मोडेपर्यंत मारत राहिली. वेणी सुटली तेव्हा ती कड्याच्या अगदी टोकाला होती. ते पळाले. तिची बरगडी मोडलीय, डाव्या कानानं ऐकू येत नाही. दादा, मला तुमचा फार राग आलाय. तो लपवून लिहिता येत नाही.

प्रेमला


वाडी, २१ मे १९९५

चि. प्रेमला हीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून आईनं अंथरूण धरलं. माझं चुकलं. पण तिथली माणसं म्हणायची की कोण? एवढे दांडगे घोडेवाले, हातात चाबूक, आणि बाईला मारताना बघत राहिले! मी असतो तर एकेकाची चामडी लोळवली असती. रविवारी मी स्वतः मंजूला न्यायला येतो. भावाच्या घरी तिला कोण हात लावतो बघू.

दादा


नेरुळ, २५ मे १९९५

ति. दादा यांस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

बरगडी अजून ठणकते, पण उठून बसते. बरं वाटलं की तुर्भ्याच्या मार्केटात मिरची निवडायला जाणार आहे, ताईनं बोलणं केलंय. आईला औषध वेळेवर द्या.

घोडेवाल्यांना बोल लावू नका. ते धावून आले होते. एकानं माझ्या नवऱ्याची मानगूट धरलीही होती. तेव्हा यांनी पिशवीतून तुमची साडी काढून दाखवली आणि सांगितलं, हिच्या सख्ख्या भावानंच मला हिला न्यायला पाठवलंय. मग त्यानं हात काढून घेतला. ताई भाऊजींचं रक्त पुसत होती, तिला हे दिसलंही नाही, ऐकूही गेलं नाही, आणि मीही तिला सांगितलेलं नाही.

तुम्ही न्यायला येऊ नका.

मंजुषा