टाकीचे झाकण

२ तारीख, संध्याकाळ
लिहिणे भाग पडले, कारण आज साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले की बाई, एकाच नळीचे रोज वेगवेगळे आकडे कसे येतात. मी लिहीत बसणाऱ्यांतली नव्हे, उरकणाऱ्यांतली. पण प्रयोगशाळेत घोटाळा कोण करतो ते उजेडात यायलाच हवे. मी करत नाही, एवढे आधीच नोंदवते.

काम साधे. पिवळे मीठ (स्वयंपाकातले नव्हे) एका तेलकट द्रवात घालून काचेच्या नळीचे तोंड वितळवून बंद केले आहे. मिठाला द्रव आवडत नाही, द्रवाला मीठ आवडत नाही. गरम असताना नाइलाजाने एकत्र नांदतात. गार केले की खाली दाट थर, वर पातळ. ज्या तापमानाला बिनसते, तो नेमका आकडा हवा. महिनाअखेर मी निवृत्त. त्याआधी मिळाला तर माझ्या नावावर. नाहीतर नळी, खोली आणि आकडा सगळेच गोगलगायीच्या पदरात.

गोगलगाय म्हणजे माझी मदतनीस. हुशार आहे, पण खुर्चीतून उठायला तिला अर्धा तास आधी सांगावे लागते.

३ तारीख
निश्चय: नळी पाण्याच्या टाकीत आहे, बाजूच्या काचेतून दिसते; त्या टाकीचे झाकण दिवसातून एकदाच उघडायचे. पाण्याचे तापमान केसभरही हलता कामा नये.

दुपारी. एकदा उघडले. मग झाकण नीट बसले की नाही ते पाहायला उघडले. ते धरायचे नाही.

६ तारीख
गोगलगायीने मला शिकवले. म्हणे, बाई, बिनसण्याची वेळ जवळ आली की ते मिश्रण फार मंद होते. जरा धक्का लागला तरी सावरायला त्याला तास न् तास लागतात. त्याला एकटे सोडा. मी म्हटले, आळसाला शास्त्राचा आधार शोधू नकोस. ती हसली. हसायलाही वेळ लावते.

९ तारीख, सकाळी
दिसले. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने उतरवत होते आणि नळी आपोआप दुधाळ झाली. धड एक नाही, धड दोन नाही. सगळीकडे इवले इवले थेंब होऊ की नको होऊ करताहेत, आणि बॅटरीचा उजेड त्यांच्यात हरवून नळी मधल्यामध्ये चमकते आहे. मला हसूच आवरेना. कॉलेजात पहिल्यांदा पाहिले तेव्हाही अशीच हसले होते आणि सरांनी वर्गाबाहेर काढले होते. जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले, शिपायाला ओढत वर आणले, झाकण उघडून दाखवले. तो म्हणाला, ताक दिसतंय.

खाली जाऊन गोगलगायीला आणले. पुन्हा उघडले. तोवर थर पडले होते. हिच्या पायगुणाने.

१२ तारीख
आकडा पुन्हा बदलला. खोलीत कुणीतरी शिरते, झाकण उघडते. पाटी करवून घेतली: झाकणास हात लावू नये. शिपायाने विचारले, बाई, दाराच्या बाहेरून लावू की आतून? या माणसाला साधी अक्कल नाही.

१५ तारीख, रविवार
घरी. हे भात लावत होते. मी फक्त वाफ बघायला पातेल्यापाशी गेले, तर ह्यांनी पळी आडवी धरली. म्हणाले, लग्नापासून आपल्या घरात कच्चा भात खातोय, आता तरी बाहेर बस. पुरुषांना स्वयंपाकात वेगळेच तंत्र लागते. लक्ष घालणे त्यांना सोसत नाही.

१७ तारीख
खोलीला कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्यावर. आता पाहू कोण उघडते.

१८ तारीख
तरी बदलला. म्हणजे माणसांचा दोष नाही, एवढे सिद्ध झाले. संशय विजेवर. वीज कंपनीला फोन करून खडसावले. त्यांनी पत्ता विचारला, मी दिला. पुढे काही झाले नाही.

उद्या नक्की. उद्या दिवसभर टाकीपाशी जायचेच नाही.

१९ तारीख
नक्की जायचे नाही, याची आठवण स्वतःला करून द्यायला वर जात होते. दोन पायऱ्या एकदम. घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पाय खाली ठेवायचा नाही. किल्ली गोगलगायीला द्यावी लागली. गेला आकडा. ही बाई काही करायची नाही.

२७ तारीख
पाय बरा. लंगडत गेले. आकडा मिळाला आहे. तीनदा तोच, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत. मी विचारले, काय केलेस? म्हणाली, काही नाही. खरेच? खरेच, बाई. मी बाहेर बसून स्वेटर विणला.

साहेबांना समजावून सांगितले की शिस्त मीच लावली होती, फळ उशिरा येते. साहेब म्हणाले, नळी तुम्ही भरली, तसे छापू. आकडा तिच्या नावावर.

नळी उत्तमच भरली होती.

३० तारीख
शेवटचा दिवस. हार, भाषण वगैरे नको म्हटले, तर कुणी आग्रहही केला नाही. सुपूर्द केले ते असे: खोलीची किल्ली, बॅटरी, पाटी, नळी टाकीतच आहे तशी. गोगलगायीला म्हटले, देण्याआधी नळी शाबूत आहे ना, एकदा पाहून घेते. मी हात पुढे केला मात्र, ती खुर्चीतून अशी उठली की मला ती उठताना दिसलीच नाही. तिचा तळवा झाकणावर होता.

म्हणून झाकण सुपूर्द करावे लागले नाही.