छंद : स्कूबा डायव्हिंग

२२ ऑक्टोबर २०१७, रविवार
ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत फुकट दिली होती. आजपर्यंत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

कळंबला मुलगी बघायला गेलो. नाव वैष्णवी. बी.एस्सी. झालेली, घरी ट्यूशन घेते. पुंडलिकमामांनी जमवून आणलं. याआधीच्या मुलींनी मला काहीच विचारलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं, तेही एकच : नोकरी आहे का. हिनं स्वतः विचारलं, तुमचा छंद काय?

मी म्हणालो, स्कूबा डायव्हिंग.

सकाळी मोबाईलवर मालवणचा व्हिडिओ बघितला होता, तोच डोक्यात होता. खरं तर शेती म्हणणार होतो. पण शेती म्हटलं की मुलगी रिकामे कप उचलून आत जाते, असा माझा अनुभव आहे. ही गेली नाही. म्हणाली, यवतमाळ जिल्ह्यात? मी म्हणालो, छे, बाहेर जावं लागतं. सोलो जातो. पाण्याची भीती नाही वाटत? म्हटलं, सवय आहे. ती हसली. चांगलं हसली. फोटो असतील तर पाठवा म्हणाली.

म्हणजे तिच्याकडून जवळपास होकारच.

येताना गाडीत मामा म्हणे, बाबू, तुले पोहता तरी येते का? मी म्हणालो, तसं बघायला गेलं तर नाही.

२३ ऑक्टोबर
पूर्ण माहिती काढली. पोहता न येणाऱ्यालाही पाण्याखाली नेतात म्हणे. पण मी सवय आहे असं सांगून बसलोय, तेव्हा फोटोत सवय दिसायला हवी. घाबरलेला चेहरा चालणार नाही.

प्लॅन ठरला. रोज पाच वाजता उठून विहिरीवर. डिसेंबरात मालवण. एकट्यानं.

हे खोटं बोलणं नाही. आधी सांगितलं, नंतर करणार, एवढाच फरक. धूळपेरणीत आपण आधी पेरतो आणि पावसाची वाट नंतर बघतो. त्याला कोणी खोटं म्हणत नाही.

२४ ऑक्टोबर
उठलो नाही. पहाटे गारवा होता. डायव्हरनं सर्दी होऊ देऊ नये असं कुठेतरी वाचलं आहे.

२७ ऑक्टोबर
रूपसिंगला सांगावं लागलं. पहिलीपासूनचा दोस्त, तांड्यावर राहतो. लग्न झाल्यापासून त्याला वेळ नसतो, दोन पोरं आहेत. तरी आला. तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधला आणि मला विहिरीत सोडलं. आमच्याकडे सगळे असंच पोहायला शिकतात, पण सातव्या-आठव्या वर्षी. मी छत्तीसचा. डबा तरंगायला तयार होता, मी नव्हतो. रूपसिंग वरून म्हणे, हात मार ना बे, कायले कठड्याले चिकटून राह्यला.

नंतर विडी ओढताना म्हणाला, मी येतो तुह्यासंगं मालवणले, बायकोले काहीतरी सांगतो. मी नाही म्हणालो. सोलो म्हणजे सोलो. फोटोत दुसरा माणूस दिसला तर काय अर्थ राहिला?

तो पोरांना शाळेत सोडायचं म्हणून निघून गेला. मी ओला तसाच बसलो थोडा वेळ.

१ नोव्हेंबर
आईनं अंगणात तुळशीचं लग्न लावलं. शेजारच्या बाया म्हणाल्या, आता गोपालचं. हे वाक्य मी बारा-चौदा वर्षं ऐकतोय. तुळशीचं मात्र दरवर्षी न चुकता होतं.

पुंडलिकमामा आले होते. विचारलं, कळंबचं काय? म्हणे, इचार करून राह्यले ते. मी मनातून खूश. नाही म्हणायला विचार लागत नाही, विचार होकारालाच लागतो. नंतर मामा आणि आई चुलीपाशी हळू आवाजात बोलत होते. दागिन्यांचं असणार. मी आत गेलो तर दोघंही तुळशीच्या मांडवातून उरलेल्या उसाकडे बघायला लागले.

६ नोव्हेंबर
पंचायतीत फवारणीचं किट वाटलं. गॉगल, मास्क, हातमोजे. यंदा जिल्ह्यात फवारताना विष चढून माणसं दवाखान्यात गेली, काही परत आलीच नाहीत. त्यानंतर आता हे किट. आमच्या उकंडाभाऊला अजून दुहेरी दिसतं. तोही रांगेत होता. म्हणे, मले दोन गॉगल दिसून राह्यले, एक तू घेऊन जाय. सगळे हसले. हसून झाल्यावर सगळे पुन्हा रांगेत पुढे सरकले.

लोक किट घालणार नाहीत, उकडतं म्हणतात. मी गॉगल लगेच घातला. डायव्हिंगच्या गॉगलसारखाच आहे, फक्त नाक बाहेर राहतं. बादलीत तोंड घालून प्रॅक्टिस केली. आईनं विचारलं, डोळे आले का रे तुले?

९ नोव्हेंबर
आजचा प्रयोग फसला, पण माझ्या चुकीमुळे नाही.

पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून नळी हवी होती. वावरातून ठिबकच्या नळीचा तुकडा कापून आणला. एक टोक वर विहिरीच्या कठड्याला बांधलं, दुसरं तोंडात धरलं. गॉगल घातला आणि पाण्याखालच्या पायरीवर जाऊन बसलो. पहिला श्वास घेतला, तर हवेऐवजी पाणी आलं. ठिबकच्या नळीला हातभर अंतरावर भोकं असतात. मीच ती उन्हाळ्यात वावरभर अंथरली होती, पण डायव्हिंगच्या विचारात शेती डोक्यातून पार गेली होती. हे मी चांगलं लक्षण मानतो.

रूपसिंगनं केसांना धरून वर ओढलं. खोकला थांबेपर्यंत पाठीवर थापा मारत होता. मग म्हणे, आज मी नसतो आलो तर? मी म्हणालो, तर मी आपला आपण वर आलो असतो.  घरी जाताना तो नळी उचलून सोबत घेऊन गेला.

१२ नोव्हेंबर
डायव्हर कमरेला वजनाचा पट्टा बांधतात, म्हणजे खाली राहता येतं. मी कापूस मोजायच्या काट्याची लोखंडी मापं गमछ्यात बांधून कमरेला लावली. खाली राहता आलं. वर येता येईना. गमछा सोडला तेव्हा आलो.

मापं विहिरीच्या तळाशी. आजच नेमकी वेचणी होती. बाया कापसाची गाठोडी घेऊन काट्यापाशी उभ्या आणि आई मापं शोधतेय. शेवटी दगडावर अंदाजानं मोजलं. बाया माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवत होत्या. मी वावराच्या टोकाला जाऊन कपाशीची पाहणी करत राहिलो.

१९ नोव्हेंबर
आज पुन्हा पाहणी केली. केली नसती तर बरं झालं असतं. बोंडं फोडून बघितली. बाहेरून हिरवीगार, आत गुलाबी अळी. दुसऱ्या बोंडातही तीच. धुऱ्यापलीकडे, शेजारच्या वावरात, उकंडाभाऊही फोडून बघत होता. त्याला तर प्रत्येक बोंडात दोन दिसत असतील.

गावात आज घरोघरी हेच. बाभुळगावच्या बाजारातही तेच. माणसं खिशात बोंडं घेऊन फिरत होती आणि एकमेकांना काढून दाखवत होती.

माझं मात्र बरं चाललंय. पाचला उठतो, दोन भाकरी जास्त खातो, विहिरीची एक फेरी डब्याशिवाय मारतो. आई म्हणे, गुणगुणून काय राह्यला? मी गुणगुणत होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग आणखी एक भाकर वाढली.

२८ नोव्हेंबर
कळंबला जाऊन आलो. कारण तांत्रिक. चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली आहे, बऱ्याच पायऱ्या उतरून जावं लागतं. खोलीत गेल्यावर कानात दडे बसतात का ते बघायचं होतं. बसले नाहीत. माझ्या मागे उतरणाऱ्या आजीबाईंचेही बसले नाहीत, पण त्यांची तयारी किती ते माहीत नाही.

येताना वैष्णवीच्या गल्लीतून आलो. तो रस्ता लांबून पडतो, पण गर्दी कमी असते. तिच्या दारात मांडव घातला होता. चुलत बहिणीचं वगैरे असेल. एका घरात एक लग्न झालं की दुसऱ्याची घाई होते, म्हणजे आपल्या फायद्याचंच. थांबून बघणार होतो, पण मी फोटोशिवाय तिच्यासमोर जाणार नाही असं ठरवलं आहे.

घरी आल्यावर आईला मांडवाचं सांगितलं. ती हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, तू मालवणले जाऊनच ये, बापू. मालवणला जाऊ नको म्हणून महिनाभर मागे लागलेली बाई. हळूहळू सगळं जुळून येतंय.

३ डिसेंबर
मामांना फोन केला. म्हटलं, कळंबवाल्यांना सांगा, फोटो पंधरा दिवसांत मिळतील. मामा नुसतंच हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणे, जाऊन ये तू, मंग पाहू. रेंजचा प्रॉब्लेम असावा, आवाज नीट येत नव्हता.

१४ डिसेंबर, रेल्वेत
धामणगावहून बसलो. रूपसिंग मोटरसायकलवर सोडायला आला होता. म्हणे, अजूनही येतो मी, चल म्हण. मी म्हणालो, पोरांना बघ. गाडी हलली तरी तो फलाटावर हात वर करून उभा होता.

समोरच्या बाकावर एक कुटुंब आहे. त्यांनी डबा उघडला, मलाही पोळी दिली. बाईंनी विचारलं, एकटेच? कोणी नाही का सोबत? सोलो ट्रिप आहे, असं समजावून सांगितलं. त्यांना वाटलं मी कोणाच्या तरी अंत्यविधीला चाललोय. आणखी एक पोळी दिली.

आईनं बांधून दिलेल्या दशम्या काढल्या. दोन माणसांच्या बांधल्यात. तिला एका माणसाचा अंदाज येत नाही म्हणते, माझे वडील गेल्यापासूनचंच आहे ते.

एकटं वाटतं आहे. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहून टाकतो.

१६ डिसेंबर, मालवण
उतरलो. पाण्याखाली गेलो. खरोखर गेलो.

आधी वाद झाला. बोटीवरच्या डायव्हरला मी सांगितलं, मला एकट्याला सोडा, फोटो सोलो पाहिजे. पंचविशीचा, काळाभोर, शांत माणूस. म्हणाला, इथे एकट्याला कुणालाच सोडत नाहीत. पोहता येणाऱ्यालाही नाही. वीस वर्षं उतरणाराही दुसऱ्याला घेऊनच उतरतो. मी माझा फवारणीचा गॉगल दाखवला. त्यानं तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला आणि आदरानं परत दिला.

मग त्यानं माझा हात धरला आणि आम्ही खाली गेलो.

पहिले काही क्षण मी मेलो असंच वाटलं. मग श्वास यायला लागला. कानात दडे बसले, देवळात बसले नव्हते ते. पिवळे मासे होते, निळे होते, माझ्याकडे बघून बाजूला होत होते. आवाज काहीच नाही, फक्त आपलाच श्वास. पण मासे मला नीट आठवत नाहीत. आठवतो तो हात. त्यानं पूर्ण वेळ सोडला नाही. माझा हात कोणी धरला त्याला किती वर्षं झाली ते मी पाण्यात आठवून बघितलं आणि गॉगलमध्ये पाणी आलं. बाहेरून आलं असावं.

वर आल्यावर त्यानं हात सोडला आणि पुढच्या माणसाचा धरला. मी बोटीत बसून राहिलो. पुन्हा जाता येईल का विचारलं. म्हणाला, बाकीचे थांबलेत ना.

फोटो मिळाले. एकात आम्ही दोघं आहोत. दोघांच्याही तोंडात नळी, दोघांच्याही डोळ्यांवर काच. त्यातला मी कोण ते मला माहीत आहे, वैष्णवीला सांगता येईल.

१८ डिसेंबर
सकाळी पोचलो. आईनं मोबाईलमधला फोटो शेजारच्या बायांना बोलावून दाखवला. बोट ठेवून सांगितलं, हा पाहा माहा गोपाल, कसा दिसून राह्यला. बोट त्या डायव्हरवर होतं. बाया म्हणाल्या, होव ना, अगदी बापावर गेला. मी दुरुस्त केलं नाही.

त्या गेल्यावर म्हटलं, हा फोटो मामांना पाठवतो, ते कळंबला देतील. आई म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, का? ती जमिनीकडे बघत बोलली. म्हणे, त्यायनं तुळशीच्या लग्नाआधीच नाही सांगतलं होतं. पोट्टी पुण्याच्या नोकरीवाल्याले देल्ली. तू पाह्यला तो मांडव तिचाच होता.

मी विचारलं, मग मला कोणी काहून नाही सांगितलं?

म्हणे, साऱ्या गावाच्या कपाशीत अळी पडली. घराघरात माणसं तोंड पाडून बसले. तू पहाटे उठून राह्यलता, पोटभर जेवून राह्यलता, गाणं म्हणून राह्यलता. साऱ्या गावात माह्या एकटीच्याच घरात कोणीतरी हसून राह्यलतं. कोणत्या तोंडानं सांगू?

मी म्हणालो, मला अंदाज होताच.

नव्हता.

अळी पडलेली उभी कपाशी मोडायला उद्या रोटावेटर फिरवायचा आहे, ट्रॅक्टरवाला उन्हं आल्यावर येतो म्हणाला. म्हणजे लवकर उठायचं काही कारण नाही. पाचचा गजर तसाच लावलेला आहे. आई म्हणाली, राहू दे, वाजू दे.